शहाबादी, मोझेक आणि व्हिट्रिफाइड: एकाच घरातील तीन फरशांसाठी काय वापरावे?

शहापूरची_सून
सर्व सभासदांना नमस्कार. बेळगावातील आमच्या जुन्या घरात तीन प्रकारच्या फरशा आहेत. पुढच्या सोप्यात आणि परसदारी शहाबादी आहे, माजघरात व देवघरात सासऱ्यांनी बसवून घेतलेले मोझेक आहे, आणि अलीकडे चढवलेल्या वरच्या मजल्यावर फिकट रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. वरचे काम संपताना कारागिरांनी टाइल्सवरील सिमेंटचे शिंतोडे काढण्यासाठी ॲसिड ओतले. ते जिन्यावरून ओघळत सोप्यापर्यंत आले, आणि तिथली फरशी तेव्हापासून पांढुरकी व खरखरीत झाली आहे. ती कितीही पुसली तरी ओली असताना काळीभोर दिसते आणि वाळली की पुन्हा राखाडी होते.

आमच्याकडे वापराचे पाणी कूपनलिकेचे आहे व ते जड आहे. पावसाळ्यात शेतावरून येणाऱ्या प्रत्येक चपलेबरोबर तांबडी माती घरात येते. घरात रांगते बाळ आहे, वृद्ध सासरे आहेत आणि एक मांजरही आहे. बाजारात फिनेल, सुगंधी फ्लोअर क्लीनर, ब्लीचिंग पावडर, ॲसिड असे सगळेच मिळते आणि प्रत्येक दुकानदार वेगळे सांगतो. तिन्ही फरशांना चालेल असे एकच द्रावण आहे का, की प्रत्येकीसाठी वेगळे घ्यावे? सोप्यातील पांढुरकेपणा कशाने जाईल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

फरशीकाम_खानापूर
ताई, आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्यातूनच निघतील. सोप्यातील पांढुरकेपणा हा डाग नाही, त्यामुळे तो कोणत्याही बाटलीतील द्रावणाने जाणार नाही. शहाबादी फरशी आपल्याच राज्यातील कलबुर्गी जिल्ह्यातून येते आणि ती जातीने चुनखडक आहे. चुनखडकावर ॲसिड पडले की फेस येतो, आणि फेस येणे म्हणजे दगडाचा वरचा थर विरघळून जाणे. जो गुळगुळीत थर प्रकाश परतवत होता तोच खाल्ला गेल्यामुळे फरशी वाळल्यावर फिकट दिसते. ओली असताना पाणी त्या बारीक खड्ड्यांत भरते, म्हणून ती तेवढ्यापुरती काळी वाटते. आपण केलेले वर्णन वाचताच मला हे कळले, कारण नवीन बांधकामाच्या घरात आमच्या धंद्यातील घाईची माणसे हा उद्योग नेहमी करून ठेवतात. टाइल्सवरचे सिमेंट ओले असतानाच ओल्या फडक्याने पुसले असते तर ॲसिडची गरजच पडली नसती.

यावर उपाय घासण्याचा आहे. पॉलिशच्या मशीनला आधी जाड आणि मग क्रमाने बारीक दाण्याचे दगड लावून, पाणी सोडत तो भाग घासून घ्यावा. केवळ खराब पट्टा घासला तर तो शेजारच्या फरशीपेक्षा वेगळा उठून दिसतो, म्हणून शक्य असल्यास सगळा सोपा एकदम करून घ्यावा. ते होईपर्यंत त्यावर मेण किंवा तेल चोपडू नये. काही जण खोबरेल तेल लावून काळेपणा आणतात आणि आठवडाभर ते छानही दिसते, परंतु पुढे त्यावर आपलीच तांबडी माती बसते आणि फरशी चिकट होते.

आता रोजच्या पुसण्याविषयी. मोझेक म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेले संगमरवराचे तुकडे, आणि संगमरवर व सिमेंट या दोहोंनाही आम्ल सोसत नाही. म्हणजे खालचा सगळा मजला, कोटा किंवा कडप्पा असेल तर तोही, एकाच नियमात येतो: टॉयलेट क्लीनर, ॲसिड, लिंबू, व्हिनेगर यांपैकी काहीही लावू नये. व्हिट्रिफाइड टाइल मात्र भट्टीत इतकी पक्की भाजलेली असते की तिची पाणी शोषण्याची क्षमता अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. तिला सौम्य आम्लाने काही होत नाही, पण तिच्या दरजांत भरलेले सिमेंट झिजते. टाइल चांगली आणि दरजा खोल गेलेल्या, अशी कितीतरी स्वयंपाकघरे मी पाहिली आहेत. त्या पोकळ दरजांत मग तेलकट मळ बसतो आणि मालकीण आणखी कडक ॲसिड मागते.

म्हणून तिन्हींना चालणारे एकच द्रावण हवे असेल तर उदासीन, म्हणजे आम्लही नाही आणि क्षारही नाही, असे सौम्य फ्लोअर क्लीनर घ्यावे व ते बाटलीवर सांगितलेल्या मापातच घालावे.

अनगोळकर
उत्तर उपयुक्त आहे, परंतु एक शंका आहे. आमच्या घरी मोझेकला पॉलिश करणारा कारागीर शेवटच्या हाताला पांढरी पूड टाकून घासत होता आणि ते ऑक्झॅलिक ॲसिड असल्याचे त्यानेच सांगितले. मोझेकला आम्ल वर्ज्य असेल तर त्याने चकाकी कशी येते? शिवाय माझ्या वहिनी पाण्यात थोडे व्हिनेगर टाकून सगळे घर पुसतात आणि त्यांच्या टाइल्स लखलखीत आहेत.

निवृत्त_रसायन_शिक्षक
प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर क्षारांच्या विद्राव्यतेत आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे फरशीसाठी बाजारात मिळणारे ॲसिड, चुनखडकाशी संयोग पावले की कॅल्शियम क्लोराइड तयार होते. ते पाण्यात सहज विरघळते व वाहून जाते, म्हणजे दगडाचा तेवढा भाग कायमचा गेला. ऑक्झॅलिक आम्लापासून मात्र कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार होते आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते पृष्ठभागावरच राहते, बारीक छिद्रे भरते आणि मशीनखाली घासले गेल्यावर त्याला चकाकी येते. तरीही ही पूड विषारी आहे. ती कारागिराच्या हातातच राहू द्यावी, उरलेली पुडी घरात ठेवून घेऊ नये.

आपल्या वहिनींच्या टाइल्स व्हिट्रिफाइड असाव्यात, म्हणून व्हिनेगरने त्यांचे बिघडले नाही. जड पाण्याचे पांढरे ओघळ प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटचेच असतात, त्यामुळे सौम्य आम्लाने ते निघतात आणि टाइल उजळल्यासारखी वाटते. शहाबादीवर तोच प्रयोग केला तर आम्लाला ओघळ कोणता आणि फरशी कोणती हे कळणार नाही, कारण दोन्ही एकाच पदार्थाची आहेत. आपल्या घरातला दगड कोणता हे ठाऊक नसेल तर कपाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकून पाहावे. बुडबुडे आले किंवा पुसल्यावर निस्तेज ठिपका राहिला, तर ती फरशी आम्लापासून दूर ठेवावी.

मूळ प्रश्नातील बाळ आणि मांजर यांच्याकडे अजून कोणी वळलेले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. काळ्या फिनेलमध्ये फिनॉलवर्गीय द्रव्ये असतात. मांजराच्या यकृतात ही द्रव्ये निरुपद्रवी करण्याची क्षमता फार कमी असते, आणि मांजर फरशीवर चालून नंतर पंजे चाटते. त्यामुळे घरात मांजर असताना काळे फिनेल नकोच. हातगाडीवर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत मिळणारे सुटे फिनेल तर कोणीच घेऊ नये. त्यात काय व किती आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते, आणि बाटली ओळखीची असल्याने मुले ती तोंडाला लावतात.

ब्लीचिंग पावडर किंवा सोडियम हायपोक्लोराइट रोज वापरण्याचे कारण नाही. घरात जुलाब-उलट्यांचा आजार असेल, तर तेवढ्या जागेपुरते ते वापरावे आणि नंतर साध्या पाण्याने पुसून घ्यावे. पूड साधारण ३० ग्रॅम एक लिटर पाण्यात कालवली की सुमारे एक टक्क्याचे द्रावण होते, मात्र त्यासाठी पूड ताजी असावी लागते. उघड्या डब्यात, उन्हात पडून राहिलेल्या पुडीला वास राहतो, जोर राहत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की ब्लीचिंग आणि ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, एकापाठोपाठ एक त्याच मोरीत ओतूही नयेत. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका रांगत्या बाळाच्या उंचीवर.

निपाणीची_गृहिणी
सरांनी लिहिलेले सगळे पटले. मी केवळ हाताच्या कामाविषयी लिहिते, कारण माझ्या मते निम्मी फरशी द्रावणाने नाही तर पुसण्याच्या पद्धतीने बिघडते.

पावसाळ्यात तांबडी माती ओली असताना तिच्यावर फडके फिरवू नये. ती दरजांत आणि शहाबादीच्या खाचांत आणखी आत दाबली जाते व फरशीला तांबूस छटा येते. उंबऱ्याबाहेर काथ्याचे जाड पायपुसणे आणि आत सुती पोते असावे, माती वाळू द्यावी, आधी केरसुणीने काढावी आणि मगच पुसावे. माती कणीदार असते, त्यामुळे केर न काढता मॉप फिरवला तर चकचकीत टाइलवर बारीक चरे पडतात.

बादल्या दोन ठेवाव्यात. एकीत द्रावण आणि दुसरीत फडके खळबळण्यासाठी साधे पाणी. एकाच बादलीत सगळे घर पुसले तर शेवटच्या खोलीला आपण पहिल्या खोलीतला चिखलच लावत असतो. पाणी गढूळ झाले की लगेच बदलावे. हे कंटाळवाणे आहे, पण यावाचून कोणतेही महागडे क्लीनर उपयोगी पडत नाही.

आणि टोपणभर सांगितलेले असताना तीन टोपणे घालण्याची सवय सोडावी. जास्तीचे द्रावण फरशीवरच वाळते, त्याचा ओशट थर होतो, त्यावर धूळ चिकटते आणि पाय टाकल्यावर पावलांचे ठसे उमटतात. घरात वयस्कर माणूस असेल तर घसरण्याची भीती वेगळीच. असा थर आधीच बसला असेल, तर काही दिवस केवळ कोमट पाण्याने पुसावे. तो हळूहळू निघून जातो.

निवृत्त_रसायन_शिक्षक
निपाणीच्या ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला पुष्टी म्हणून दोन गोष्टी जोडतो. जड पाण्यात साबण विरघळत नाही, त्यातील कॅल्शियमशी मिळून त्याची राखाडी साय होते व ती फरशीवर बसते. म्हणून कूपनलिकेच्या पाण्यात कपड्यांच्या वडीचा चुरा घालून फरशी पुसू नये. दुसरे, अनेक जंतुनाशक फ्लोअर क्लीनरमध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराइड असते. फेस यावा म्हणून त्यात धुण्याची पावडर मिसळली तर दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि हाती केवळ सुवास राहतो. आपल्याकडे बाटलीवरचा मजकूर बहुधा कन्नड व इंग्रजीत असतो. लिपी वाचता येत नसेल तर शेजाऱ्यांकडून घटकद्रव्ये आणि माप वाचून घ्यावे, त्यात संकोच नसावा.

शहापूरची_सून
आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. सोप्यासाठी पॉलिशवाल्यांना बोलावणार आहे. आणखी दोन गोष्टी विचारते. परसदारच्या शहाबादीवर पावसाळा संपल्यावर कडेकडेने पांढरी भुकटी उमटते, बोटाने चोळली तर मिठासारखी हाताला लागते. तिथे ॲसिड आलेले नव्हते. तसेच देवघरातील मोझेकवर समईखाली तेलाचे जुने वर्तुळ आहे, ते कसे काढावे?

फरशीकाम_खानापूर
ताई, परसदारचा तो लोणा आहे. जमिनीतील ओल दगडातून आणि दरजांतून वर येते, पाणी उडून जाते व त्यातील क्षार वर राहतात. त्यावर लगेच पाणी ओतू नये, कारण क्षार विरघळून पुन्हा आत मुरतात व ऊन पडले की परत उमटतात. कोरड्या ताठ ब्रशने झाडून भुकटी गोळा करावी आणि बाहेर टाकावी. ती दर वर्षी येत असेल तर परसातील पावसाचे पाणी भिंतीशी साचते का ते पाहावे, उतार बाहेरच्या बाजूला करून घ्यावा आणि फुटलेल्या दरजा भरून घ्याव्यात. ओल आत असताना वरून चकाकणारे सीलर मारून घेऊ नये. कोणी आग्रह केला तरी नको, कारण क्षार त्याच्याखाली साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात.

समईच्या डागासाठी खडूची पूड आणि धुण्याचा सोडा समप्रमाणात घेऊन पाण्यात दाट लेप करावा. तो डागाच्या कडेबाहेर बोटभर जाईल असा जाडसर थापावा, वर प्लास्टिकचा कागद चिकटवून रात्रभर ठेवावा, सकाळी कागद काढून लेप पूर्ण वाळू द्यावा आणि मग लाकडी पट्टीने खरवडून काढावा. वाळताना लेप तेल वर ओढून घेतो. जुना डाग एका लेपात जात नाही, पुन्हा लावावा लागतो. सोडा हाताला झोंबतो, म्हणून हातमोजे घालावेत आणि बाळ व मांजर त्या खोलीत येणार नाहीत असे पाहावे. नंतर समईखाली पितळी ताट ठेवावे.

अनगोळकर
लेपाची माहिती जतन करून ठेवली आहे. आमच्या स्वयंपाकघरात गॅस सिलिंडरच्या कड्याचा गंजाचा गोल व्हिट्रिफाइड टाइलवर बसला आहे. तिथे लिंबू चालेल असे वरील चर्चेवरून वाटते, बरोबर ना?

निवृत्त_रसायन_शिक्षक
टाइलवर चालेल. लिंबाचा रस आणि मीठ लावून थोडा वेळ थांबावे, नायलॉनच्या ब्रशने घासावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. दरजांवर रस जाऊ देऊ नये. मात्र तोच गोल शहाबादीवर असता तर मी नाही म्हटले असते.