मदत हवी आहे: कॅरॅव्हॅनमधला गीझर हुक-अपच्या विजेवर नीट कसा वापरावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये, मिडलँड्सला राहतो. सेकंडहँड टूरिंग कॅरॅव्हॅन (मोटारीमागे जोडून न्यायचं फिरतं घर) घेतलीय. मे महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून आले की त्यांना घेऊन लेक डिस्ट्रिक्टला जायचंय. बाकीची तयारी होत आलीय, अडलंय ते आंघोळीच्या पाण्यावर. बाबांची आंघोळ पहाटे सहाला, त्याशिवाय ते चहा घेत नाहीत. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे कॅम्पिंग साइटवरच्या शॉवर ब्लॉकपर्यंत थंडीत चालत जायला लावणं माझ्या जिवावर येतं. म्हणजे चौघांच्या आंघोळी गाडीतच व्हायला हव्यात.

गीझर ट्रूमा कंपनीचा, अल्ट्रास्टोअर, १० लिटरचा. गॅसवर चालतो आणि हुक-अपच्या, म्हणजे साइटवरच्या पॉइंटला केबल जोडून घेतलेल्या, विजेवरही. विजेवर ८५० वॉट. हीटिंगही ट्रूमाचंच, विजेवर ५००, १००० आणि २००० वॉट असे तीन टप्पे. साइटवर १० अँपिअरचा पॉइंट आहे आणि वीज मीटरवर, वेगळे पैसे मोजून.

ईस्टरला अशाच एका साइटवर फार त्रास झाला. हीटिंग २००० वर, गीझर चालू, आणि सकाळी किटली लावली की मिनिटाभरात सगळं बंद. बोलार्डच्या (साइटवरच्या विजेच्या खांबाच्या) पेटीला कुलूप, त्यामुळे वॉर्डन, म्हणजे साइट सांभाळणारा माणूस, येईपर्यंत गारठत बसायचं. शिवाय दोघांच्या आंघोळी झाल्या की तिसऱ्याच्या अंगावर गार पाणी.

नवरा म्हणतो, गीझर दिवसभर चालूच ठेवावा, सारखं बंद-चालू केलं तर जास्त वीज जाते. मला हे पटत नाही, पण खात्रीही नाही. आई-बाबा इतक्या लांबून येताहेत, त्यांची अंघोळीवाचून गैरसोय व्हायला नको. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, आधी अँपिअरचा हिशोब करा, अर्धं कोडं तिथेच सुटेल. इथला व्होल्टेज २३० धरायचा. म्हणजे १० अँपिअरच्या पॉइंटवर एका वेळी साधारण २३०० वॉट. १६ अँपिअरचा मिळाला तर ३६८०. काही जुन्या साइटवर फक्त ६ अँपिअर असतो, तिथे १३८० वर गाडं संपलं.

तुमचं हीटिंग २००० आणि गीझर ८५०, झाले २८५०. फ्रिज विजेवर आणि बॅटरीचा चार्जर यांचे आणखी दोन-तीनशे. हे आधीच मर्यादेबाहेर आहे, पण एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) थोड्या जादा भाराला लगेच पडत नाही, आतली पट्टी तापायला वेळ घेते. म्हणून रात्र निभावते. सकाळी त्यात घरची २२०० वॉटची किटली पडली की भार दुपटीच्या वर जातो आणि मग तो मिनिटभरही तग धरत नाही.

हीटिंग १००० वर ठेवा. मग गीझर, फ्रिज, चार्जर सगळं मिळून १० अँपिअरच्या आत बसतं, जेमतेम. चहाच्या वेळी गीझरचं बटण बंद करायचं आणि किटली कमी वॉटची घ्यायची, कॅम्पिंगच्या दुकानात हजार वॉटच्या आत मिळते. नाहीतर चहा सरळ गॅसवर ठेवा, तसाही तो गॅसवरचाच चांगला लागतो. मायक्रोवेव्हवर ८०० वॉट लिहिलेलं असलं तरी तो ओढतो बाराशेच्या आसपास, हेही लक्षात असू द्या.

आणखी एक, हुक-अपची केसरी केबल ड्रमवर गुंडाळलेली ठेवू नका. भार जास्त असला की गुंडाळी तापते, इन्सुलेशन वितळू शकतं. पूर्ण उलगडून गाडीखाली मोकळी टाका.

प्रतिसाद २

तुम्हाला पटत नाही ते बरोबर आहे. गीझर दिवसभर चालू ठेवून वीज कधीच वाचत नाही. टाकी जितका वेळ गरम, तितका वेळ तिच्यातून उष्णता बाहेर झिरपते, आणि ती भरून काढायला थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा वीज घेतो. बंद केल्यावर पाणी निवत जातं तशी ही गळतीही कमी होत जाते. मात्र टाकीला इन्सुलेशन चांगलं असतं, त्यामुळे गळती फार मोठी नसते. साइटच्या भाड्यात वीज धरलेली असेल तर नवऱ्याशी यावरून वाद घालू नका. मीटर असेल तेव्हा आंघोळीच्या तासभर आधी लावा, झाल्यावर बंद करा.

तासभर का, तर १० लिटर पाणी १५ अंशांवरून ७० वर न्यायला सुमारे ०.६४ युनिट लागतं. ८५० वॉटला तेवढ्यासाठी पाऊण तास, वर थोडी गळती.

आता गार पाण्याचं. ७० अंशांचं १० लिटर पाणी १५ अंशांच्या पाण्यात मिसळून आंघोळीचं ३८ अंशांचं केलं की हिशोबाने २४ लिटर होतं. पण गरम पाणी काढता काढता टाकीत गार पाणी येत राहतं, त्यामुळे शेवटचं पाणी कोमट येतं. १० लिटरच्या दोन बादल्या धरा. शॉवर सोडून उभं राहिलं तर तेवढं पाणी बघता बघता जातं, मग दोघांतच टाकी रिकामी. आई-बाबांना बादली-तांब्याच द्या, त्यांना सवयही तीच. त्यांच्या दोन बादल्या एका टाकीत, मग पुन्हा तासभर, मग तुम्ही दोघं. मधे थांबायचं नसेल तर विजेच्या जोडीला गॅसही लावा. अल्ट्रास्टोअरला दोन्ही एकदम चालतात, वेळ निम्म्याहून कमी लागतो. फक्त गॅस लावण्याआधी बाहेरच्या धुरांड्यावरचं झाकण काढलंच पाहिजे.

बादलीत आधी गार पाणी, मग गरम. ७० अंशांच्या पाण्याने कातडी भाजते.

प्रतिसाद ३

वरच्या दोघांनी सगळं सांगितलंय, पण टाकी रिकामी असताना विजेचं बटण लावायचं नाही, हे राहिलं. पोचल्यावर पंप सुरू करून गरम पाण्याचा नळ उघडा, फुरफुर थांबून सलग धार आली की टाकी भरली समजायचं. गाडीत फ्रॉस्ट कंट्रोल व्हॉल्व्ह असेल तर ३ अंशांच्या आसपास तो आपोआप उघडून टाकी रिकामी करतो. पाणी गाडीखाली ठिबकताना दिसलं तर गळती समजून घाबरू नका, पण गीझरचं बटण मात्र लगेच बंद करा. गाडीत ऊब आल्याशिवाय तो व्हॉल्व्ह पुन्हा बसत नाही.

घरी परतल्यावर टाकीतलं पाणी काढून टाकत जा. २० ते ४५ अंशांत साचून राहिलेल्या पाण्यात लिजिओनेला हा फुप्फुसांना आजार करणारा जंतू वाढतो आणि वयस्कर माणसांना त्याचा धोका जास्त.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. १० अँपिअर म्हणजे नेमकं किती, हे इतक्या सोप्या भाषेत कुणी सांगितलं नव्हतं. आता दोनच शंका. बाबा सहाला आंघोळ करणार म्हणजे पाचला उठून बटण लावायचं का? आणि आईला खाली बसून आंघोळ जमत नाही, शॉवर ट्रेमध्ये स्टूल ठेवलं तर चालेल का?

प्रतिसाद २

पाचला उठू नका. हीटिंग १००० वर असेल तर गीझर रात्रभर चालू राहू द्या, नुकसान फक्त त्या गळतीचं. विजेवर तो आवाजही करत नाही, गॅसवर मात्र बर्नरची घरघर ऐकू येते.

स्टुलाचं जपून. कॅरॅव्हॅनचा ट्रे पातळ प्लास्टिकचा असतो, पायांच्या टोकांवर वजन आलं की त्याला तडा जातो आणि पाणी जमिनीत मुरतं. ट्रेच्या मापाची लाकडी जाळी मिळते, तिच्यावर रबरी बुडांचं रुंद पायांचं स्टूल ठेवा. आणि दारातल्या कडीला आधाराचं हँडल समजून आईंनी धरू नये हे आधीच सांगून ठेवा, ती वजन घेत नाही.