४५ हजारांत वर्ग ‘डिजिटल’ करायचा? आधी मागच्या बाकावर जाऊन बसा

खडूफळा
जून उजाडला की गावोगाव तोच विषय. लोकवर्गणी जमते, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बसते आणि कुणीतरी म्हणतं, “एक वर्ग डिजिटल करून टाकू.” काय घ्यायचं यावर पाच मिनिटं, उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यावर तासभर.

कोल्हापूरच्या करवीर, कागल, पन्हाळा भागातली शाळेची नेहमीची खोली धरा. २० बाय २४ फूट, चाळीस पोरं, पश्चिमेला खिडकी. हातात ४५ हजार. माझं मत: ४३ इंची टीव्ही घ्या, उरलेले पैसे वायरिंग आणि बॅटरीत घाला. प्रोजेक्टर नको.

पण टीव्हीवर मजकूर वाचायला लावायचा नाही. ४३ इंच हे कर्णाचं माप, उंची भरते जेमतेम २१ इंच. बारीक मजकूर पडद्याच्या उंचीच्या सहापट अंतरापर्यंतच नीट वाचता येतो, असा ठोकताळा आहे. म्हणजे साडेदहा फूट. शेवटचा बाक असतो वीस फुटांवर. तिथून वाचायला अक्षर दोन इंच उंच हवं. त्यात देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, म्हणजे एका ओळीला चार इंच गेलेच. २१ इंचांत ओळी बसतात पाच. पाच ओळींसाठी फळा काय वाईट आहे?

म्हणून पडद्यावर चित्र, फळ्यावर अक्षर. टीव्ही फळ्याच्या बाजूला, खालची कड जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, वरची कड थोडी पुढे झुकवून. म्हणजे खिडकीचं प्रतिबिंब काचेत येत नाही. फळा काढून त्याच जागी टीव्ही ठोकणं हा शुद्ध नुकसानीचा व्यवहार.

कौलारू
सर, हिशेब बरोबर, निष्कर्ष उलटा. अक्षर दिसत नाही म्हणता, तर मोठा पडदाच घ्या की. प्रोजेक्टरवर १०० इंची चित्र म्हणजे उंची ४९ इंच, सहापट धरली तर चोवीस फूट. अख्खी खोली आली. ४३ इंचीभोवती चाळीस पोरं म्हणजे गणपतीला आरास बघायला लोटलेली गर्दी.

मात्र ऑनलाइन दुकानातले ‘९००० ल्युमेन’वाले छोटे डबे घेऊ नयेत. ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप; आकडा एएनएसआय ल्युमेनमध्ये, म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजून, लिहिलेला बघायचा आणि उजेडाच्या वर्गासाठी तो ३०००च्या वर हवा. पश्चिमेच्या खिडकीला जाड गडद पडदा, भिंतीला साधा पांढरा डिस्टेंपर. ऑइलपेंट नको, मधोमध दिव्याचा डाग चमकतो.

खडूफळा
@कौलारू, नावातच उत्तर आहे तुमच्या. साध्या प्रोजेक्टरला १०० इंची चित्रासाठी भिंतीपासून दहा-अकरा फूट लागतात. स्लॅब असेल तर वर टांगता येतो. कौलं आणि वासे असलेल्या खोलीत टांगणार कशाला? मग तो टेबलावर येतो. टेबल पोरांच्या मध्ये, वायर पायात, आणि गुरुजी फळ्याकडे गेले की भिंतीवर गुरुजींचीच सावली. शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर तीन-चार फुटांवरून चालतो, पण तो या बजेटात बसत नाही.

आणि खडूची धूळ. ती फिल्टरमध्ये बसली की हवा अडते, दिवा तापतो, मशीन स्वतःहून बंद पडतं. महिन्यातून एकदा फिल्टर काढून मऊ ब्रशने झाडावा लागतो. ते काम कुणाचं, हे ठरलेलं नसतं.

अर्धाव्होल्ट
तुम्ही इंचांवर भांडताय, लाईट गेल्यावर काय ते कुणी बोलेना. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडं पावसाळ्यात लाईट जाणार हे धरूनच चालायचं.

१५० अँपिअर-अवर, १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, नाहीतर आयुष्य घटतं. राहिले ९००. इन्व्हर्टरचा तोटा वजा जाता हातात सातशेच. टीव्ही आणि स्पीकर मिळून १०० वॅट धरले तर सात तास. दिव्याचा प्रोजेक्टर ३०० वॅट खातो, म्हणजे सव्वादोन तास. शिवाय दिवा गरम असताना लाईट गेली की पंखाही थांबतो आणि दिव्याचं आयुष्य कमी होतं. बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत मेन स्विच पाडायचा नाही, हे चिकटवून ठेवा.

इन्व्हर्टर साइनवेव्हच घ्या. स्क्वेअरवेव्हवर स्पीकर घुंई करतो. आणि सगळ्यात आधी अर्थिंग तपासा. टीव्हीच्या मागच्या पत्र्याला किंवा केबलच्या टोकाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर खरेदी थांबवून वायरमनला बोलवायचं. वळवाच्या विजा सुरू झाल्या की प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

चंदगडी
आमच्याकडच्या जांभ्याच्या भिंतींबद्दलही लिहा कुणीतरी. साध्या प्लगमधला स्क्रू जांभ्यात भुगा करून बाहेर येतो. भिंतीला आधी सागवानी फळी लांब अँकर बोल्टने चार ठिकाणी घट्ट करायची आणि ब्रॅकेट फळीवर मारायचं. शंका असेल तर लोखंडी स्टँड, पण चाकांना ब्रेक हवा. दमट दिवसांत शिकवायला लागो न लागो, टीव्ही रोज पंधरा मिनिटं चालू ठेवायचा. आतला ओलावा उडतो.

पाटीपेन्सिल
सगळं वाचलं. एक साधा प्रश्न: ४५ हजार खर्चून पोराच्या हातात काय आलं? काहीच नाही. डोळ्यासमोर आलं, इतकंच. सातवी-आठवीला विद्युत परिपथ शिकवताना दीड व्होल्टचा सेल, टॉर्चचा बल्ब, फूटभर वायर, दर चार पोरांत एक संच करा. दहा संच हजाराच्या आत होतात. बल्ब पेटला नाही तर का पेटला नाही, हे पोरगं स्वतः शोधतं. व्हिडिओतला बल्ब प्रत्येक वेळी पेटतो, तीच त्याची खोट.

खडूफळा
सेल-बल्बला विरोध कुणाचा आहे मॅडम? पण वायरमधून काय वाहतं ते सेल-बल्बमध्ये दिसत नाही. ‘फेट’ या संकेतस्थळावरची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करायचे प्रयोग, मराठीतही आहेत, फुकट आहेत आणि एकदा उतरवून ठेवली की नेटशिवाय चालतात. परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये दुसरा बल्ब एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडला की कण सावकाश सरकताना दिसतात. क्रम मात्र तुमचाच: आधी हातात सेल, मग पडद्यावर कण. उलटं केलं की पोरं सेलकडे बघतही नाहीत.

पाटीपेन्सिल
क्रम मान्य. पण प्रत्यक्षात तासाच्या सुरुवातीला व्हिडिओ लागतो, ३५ मिनिटांपैकी २५ तोच चालतो आणि घंटा होते. त्याचं काय करणार?

नदीकाठ
त्याला उपाय आहे: व्हिडिओच नको. कोल्हापूर जिल्ह्याचा भूगोल घ्या. फळ्यावर पंचगंगा काढली की ती एक वाकडी रेघ. त्याऐवजी उपग्रह नकाशावरून सहा चित्रं आदल्या दिवशी काढून ठेवा, वर्गात नेट लागतच नाही. राधानगरीचं धरण, भोगावतीचं खोरं, प्रयाग चिखलीचा संगम, राजाराम बंधारा, इचलकरंजीजवळचा प्रवाह, नृसिंहवाडीला कृष्णेची भेट. प्रत्येक चित्र एक मिनिट दाखवायचं, मग पडदा काळा. पोरांनी व्हरांड्यात खडूने नदी काढायची, चुकली तर परत येऊन तेवढंच चित्र बघायचं. सहा-सात मिनिटं टीव्ही, बाकी तास जमिनीवर.

पुढं जुलैत राजाराम बंधाऱ्याची रोजची पाणीपातळी वर्तमानपत्रातून टिपायची. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, या दोन आडव्या रेषा आलेख कागदावर आधीच मारून ठेवायच्या. महिनाभराचा आलेख झाला की पोरांनी काढलेला आलेखच फोटो काढून पडद्यावर लावा. आणि प्रश्न टाका: इथला पाऊस थांबला तरी शिरोळकडचं पाणी लगेच का उतरत नाही? कृष्णाच फुगलेली असेल तर पंचगंगेला पुढं जायला वाट राहत नाही, हे शिरोळचं पोरगं बाईंच्या आधी सांगेल.

बहुवर्ग
दोन शिक्षक, चार इयत्ता, त्या शाळेत टीव्ही म्हणजे तिसरा मास्तर. त्याला सहा मिनिटांवर बंद करा म्हणणं सोपं आहे. अडचण आवाजाची. तिसरी ऐकत असताना चौथीचा गणिताचा सराव बुडतो. टीव्हीला ३.५ मिमीचं हेडफोनचं भोक असेल तर पाच तोंडांचा स्प्लिटर आणि साधे तारेचे हेडफोन, पाच-पाच पोरांचा गट. आवाज थोडा विभागला जातो, तो वाढवून घ्यायचा. ब्लूटूथच्या नादी लागू नये, ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

कौलारू
टीव्हीवर मोबाईल जोडायचं कोण सांगणार? टाइप-सी ते एचडीएमआय वायर आणली की काम झालं, असं दुकानदार सांगतो. स्वस्तातल्या बहुतेक फोनच्या टाइप-सीतून चित्र बाहेर येतच नाही. दुकानातच आपला फोन लावून बघा, मगच पैसे द्या.

अर्धाव्होल्ट
म्हणून पेनड्राइव्ह. फॅट-३२मध्ये फॉरमॅट, म्हणजे जुना टीव्हीही वाचतो. फक्त एक फाइल ४ जीबीच्या वर चालत नाही. व्हिडिओ एमपीफोर, एच-२६४. एच-२६५ असेल तर बऱ्याच जुन्या टीव्हींवर आवाज येतो, चित्र काळं. फाइलची नावं इंग्रजी अक्षरांत आणि पुढं क्रमांक, कारण काही टीव्हींवर मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं ‘दीक्षा’ या सरकारी ॲपवरचं साहित्य मात्र ॲपमध्येच डाउनलोड होतं, ते पेनड्राइव्हवर येईल असं धरू नका. त्यासाठी फोन लागणारच.

पाटीपेन्सिल
एक फोन पुरे म्हणत असाल तर टीव्हीच्या आधी प्लिकर्स घ्या. कागदावर छापलेली कार्डं, प्रत्येक पोराला एक. कार्डाच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी. उत्तराची बाजू वर धरायची, गुरुजी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कुणाचं काय उत्तर ते दिसतं. पुढच्या बाकावरच्या हुशार पोराकडे बघून हात वर करणं बंद. कार्डं जाड कागदावर छापा, चकचकीत लॅमिनेशन करू नका; उजेड परावर्तित झाला की कॅमेऱ्याला वाचता येत नाही. काळ्या आकृतीवर बोटं आली तरी तीच गत. याला नेट लागतं, तेवढं फोनचं पुरतं.

खडूफळा
हे मान्य, आणि माझ्या यादीत हे नव्हतं. पण प्रश्न टाइप करताना श्रीलिपीतली, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली, जुनी प्रश्नपत्रिका चिकटवू नका, नुसता कचरा उमटतो. युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा. फोनवर मराठीत बोलून टाइप केलं तर दहा प्रश्न पंधरा मिनिटांत होतात. जोडाक्षरं आणि ‘ळ’ तेवढे तपासून घ्या. ४३ इंचावर मात्र ठाम आहे.

कौलारू
राहा ठाम. फळ्याजवळ दोन इंची अक्षराचा कागद धरायला सांगून शेवटच्या बाकावरून एकदा वाचून बघा, मग प्रोजेक्टरचं कोटेशन मागवू.