विण्याच्या तोंडावर मेंढी खाणे सोडते तेव्हा: कॅल्शियम कमी पडले की ताकद?

प्रश्न – नवखा मेंढपाळ

माझ्या कळपात 24 मेंढ्या असून मेंढीपालनाचे हे माझे दुसरेच वर्ष आहे. मेंढा सोडल्याच्या नोंदीवरून बहुतेक मेंढ्यांच्या गाभणकाळाचा आज 138वा दिवस असावा. दोन मेंढ्यांविषयी तातडीने विचारायचे आहे.

पहिलीचे हे चौथे वेत आहे. पोट खूप मोठे दिसते, पण लोकरीखाली हात घातला की पाठीची हाडे टोचतात. काल संध्याकाळपासून ती गव्हाणीकडे फिरकलेली नाही. आज सकाळी ती भिंतीला कपाळ टेकवून उभी होती आणि तोंडातून वैरणीच्या चार काड्या तशाच न चावता लोंबत होत्या. मधूनच दात खाते. डोळ्यासमोर हात हलवला तरी तिला दिसत असावे असे वाटत नाही. अंगाचे तापमान 39.2 अंश सेल्सियस आहे. बाटलीने साखरेचे पाणी पाजायला गेलो तर तिला ठसका लागला, म्हणून थांबलो.

दुसरी तरुण आणि अंगाने चांगली आहे. काल कळप दुसऱ्या गोठ्यात हलवला, त्या गडबडीत एक वेळचा चारा चुकला. आज पहाटे ती मागचे पाय पसरून खाली बसलेली सापडली. तिची डावी कूस फुगलेली आहे, नाकातून हिरवट पाणी येते, अंग थरथरते आणि उठवूनही ती उठत नाही. पशुवैद्यकांना फोन केला आहे, पण त्यांना पोहोचायला वेळ लागेल. दोघींना एकच आजार आहे का, आणि तोवर मी काय करावे?

उत्तर 1 – पशुवैद्यक

तुमच्या वर्णनावरून हे दोन वेगळे आजार दिसतात. आधी दुसऱ्या मेंढीकडे पाहा, कारण तिच्याकडे तासांचाच अवधी आहे.

दुसरीची लक्षणे रक्तातील कॅल्शियम घसरल्याची आहेत. गाईला हा त्रास बहुधा व्याल्यानंतर होतो, मेंढीला मात्र तो प्रामुख्याने विण्याआधीच्या काही आठवड्यांत होतो, कारण पोटातील कोकरांची हाडे त्याच काळात भरत असतात. हाडांतले कॅल्शियम मोकळे करून रक्तात आणायला शरीराला थोडा अवधी लागतो, आणि तेवढ्यात एखादी वेळ उपासाची गेली, कळप हलवला किंवा चारा अचानक बदलला की तोल जातो. कॅल्शियमअभावी स्नायू ढिले पडतात, कोटीपोटाची (चारा साठून आंबतो त्या मोठ्या पोटाची) हालचाल थांबते, वायू साचतो आणि आतले पाणी नाकावाटे येते.

घरात कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली असेल तर फोनवर तुमच्या पशुवैद्यकांना तिची तीव्रता वाचून दाखवा आणि मात्रा त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. 20 टक्क्यांचे द्रावण असेल तर मोठ्या मेंढीला साधारण 100 मिलिलिटर कातडीखाली दिले जाते. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उष्णतेइतकी करा, औषध बरगड्यांवरच्या सैल कातडीखाली तीन-चार ठिकाणी विभागून टोचा आणि प्रत्येक जागा हाताने चोळा. शिरेतून देण्याचा प्रयत्न स्वतः करू नका, कारण वेगाने गेलेले कॅल्शियम हृदय थांबवू शकते. मेंढीला कुशीवर पडू देऊ नका, छातीवर बसती ठेवा आणि दोन्ही बाजूंनी वैरणीच्या पेंढ्यांचा आधार द्या, म्हणजे ढेकर सुटेल. निदान बरोबर असेल तर तासा-दोन तासांत ती ढेकर देईल, लेंड्या टाकेल आणि उठेल. इतक्या लवकर फरक पडतो म्हणूनच या आजारात कॅल्शियम हे औषधही आहे आणि परीक्षाही.

पहिलीला प्रेग्नन्सी टॉक्सिमिया असण्याची दाट शक्यता आहे. गर्भाची सुमारे 70 टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. जुळी किंवा तिळी असतील तर ऊर्जेची गरज झपाट्याने वाढते आणि नेमके तेव्हाच फुगलेले गर्भाशय कोटीपोटाला दाबून चाऱ्याची जागा कमी करते. मग शरीर चरबी जाळू लागते. तेवढी चरबी यकृताला पेलत नाही, रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) साचतात आणि मेंदूला ग्लुकोज अपुरे पडते. न दिसणे, भिंतीला डोके लावणे, दात खाणे ही सारी त्याचीच लक्षणे आहेत. रोडावलेल्या मेंढ्यांइतक्याच अति लठ्ठ मेंढ्याही यात सापडतात.

साखरेच्या पाण्याचा उपयोग फारसा होत नाही, कारण ती साखर रक्तात पोहोचण्याआधी कोटीपोटातले जीवाणूच फस्त करतात. त्याऐवजी प्रोपिलीन ग्लायकॉल देतात, ज्याचे यकृतात ग्लुकोज होते. सामान्य मात्रा 60 मिलिलिटर, दिवसातून दोनदा. मात्र तिला ठसका लागला आहे, म्हणून ती नीट गिळते याची खात्री होईपर्यंत तोंडाने काहीही देऊ नका. तिला शिरेतून ग्लुकोज लागेल आणि ते पशुवैद्यकच देतील. पुष्कळदा कॅल्शियमही सोबत घसरलेले असते, त्यामुळे तेही द्यावे लागते.

रक्तातील कीटोन मोजणारे हातातले मीटर त्यांच्याकडे असेल तर तपासणी करून घ्या. बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हा मुख्य कीटोन लिटरमागे 0.8 मिलिमोलच्या वर गेले तर खुराक अपुरा आहे असे समजतात, आणि 3 च्या वर गेले तर या आजाराबद्दल शंका उरत नाही. मीटर नसेल तर लघवीची पट्टीही चालते. निजलेली मेंढी उठवली की बहुधा लगेच लघवी करते, तेवढी संधी साधावी.

138वा दिवस ही थोडी अडचणीची वेळ आहे. गर्भाचा भार उतरल्याशिवाय काही मेंढ्या सुधारत नाहीत, पण 140 दिवसांच्या फार आधी काढलेली कोकरे क्वचितच जगतात. डेक्सामेथासोनने वेत लवकर आणायचे का, सिझेरियन करायचे का, की आई वाचवण्यालाच प्राधान्य द्यायचे, हा निर्णय पशुवैद्यकांसमोर आजच घ्या. ती एकदा पसरली की हाती फारसे राहत नाही.

उत्तर 2 – जुना कळपवाला

वरील सल्ल्यातील ठसक्याचे वाक्य दोनदा वाचा. पहिल्या काही वर्षांत मी अशाच एका मेंढीची मान वर धरून घाईने औषध ओतले, ते फुप्फुसात गेले आणि मूळ आजाराने नव्हे तर त्यामुळे आलेल्या न्यूमोनियाने ती चौथ्या दिवशी गेली. दोष सर्वस्वी माझा होता. औषध पाजताना जबडा जमिनीला समांतर ठेवावा, सिरिंज गालाच्या कोपऱ्यातून आत सरकवावी आणि एक घोट गिळल्याचे गळ्यावर दिसल्यावरच पुढचा द्यावा.

दुसरे असे की, आजार तुम्हाला आज दिसला असला तरी तो काल संध्याकाळीच गव्हाणीपाशी दिसला होता. शेवटचे सहा आठवडे मी खुराक टाकून लगेच निघून जात नाही. दहा मिनिटे कुंपणाला टेकून उभा राहतो. कोण उशिरा आली, कोण तोंड घालून नुसतीच उभी आहे, कोण बाकीच्या निघून गेल्यावरही कोपऱ्यात आहे, एवढेच पाहायचे असते. निरोगी गाभण मेंढी खुराक कधी चुकवत नाही. जी चुकवते तिला त्याच दिवशी वेगळी काढावी.

उत्तर 3 – पशुपोषणाची अभ्यासक

उरलेल्या 22 मेंढ्यांचाही विचार करायला हवा. एक मेंढी आजारी पडते तेव्हा आणखी चार-पाच काठावर असतात. प्रत्येकीच्या कमरेच्या मणक्यावरून हात फिरवा, डोळ्यांवर विसंबू नका, कारण लोकर फार फसवते. 1 (हाडकुळी) ते 5 (लठ्ठ) या अंगस्थितीच्या मोजणीत गाभण मेंढी विण्याच्या वेळी 3 च्या आसपास असावी. मणक्याची टोके धारदार लागली तर ती 2 च्या खाली आहे असे समजा.

घाबरून आजच सगळ्यांपुढे धान्याचा ढीग मात्र ओतू नका. अचानक वाढवलेल्या धान्याने कोटीपोटात आम्लता होते आणि एका आजारातून सुटून कळप दुसऱ्यात अडकतो.

एक शक्यता तपासून बाजूला ठेवा. मुरघास खाणाऱ्या कळपात लिस्टेरिओसिसची (मेंदूला होणाऱ्या जीवाणूसंसर्गाची) मेंढीही सुस्त होऊन भिंतीला टेकते. पण तिचा एकाच बाजूचा कान आणि ओठ लोंबतो, त्या बाजूने लाळ गळते आणि ती एकाच दिशेने गोल फिरते. तिला ग्लुकोज नव्हे, प्रतिजैविक लागते आणि तेही लगेच. कळपात कोणी गाभडली तर गर्भ आणि वार हातमोजे घालूनच उचला, आणि घरातील गर्भवती स्त्रीला विणाऱ्या मेंढ्यांपासून पूर्णपणे दूर ठेवा, कारण मेंढ्यांच्या गर्भपाताचे काही जंतू माणसालाही बाधतात.

नवखा मेंढपाळ, पाच दिवसांनंतर

सर्वांचे आभार. दुसऱ्या मेंढीला फोनवर मात्रा ठरवून कातडीखाली कॅल्शियम दिले. चाळीस मिनिटांनी तिने इतका मोठा ढेकर दिला की मी दचकलोच. तासाभरात ती उठली आणि संध्याकाळी रवंथ करत होती. पशुवैद्यकांच्या सांगण्यावरून दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा एक मात्रा दिली.

पहिलीचे कीटोन 4.1 निघाले. शिरेतून ग्लुकोज आणि सोबत कॅल्शियम दिल्यावर ती दुसऱ्या दिवशी नीट गिळू लागली, तेव्हा प्रोपिलीन ग्लायकॉल सुरू केले. 140व्या दिवशी डेक्सामेथासोन दिले आणि ती 142व्या दिवशी व्याली. दोन कोकरांपैकी एक मेलेले होते, दुसरे अशक्त पण जिवंत आहे. आईला दूध कमी असल्याने कळपातल्या आज व्यालेल्या एका वेगळ्याच मेंढीचा चीक काढून पाजतो आहे. आई मात्र आजपासून स्वतःहून वैरण खाते आहे.

बाकीच्यांच्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा पाच जणी धारदार लागल्या. त्यांचा खुराक किती आणि कसा वाढवू?

उत्तर 4 – पशुपोषणाची अभ्यासक

त्या पाच जणींचा वेगळा गट करा, नाहीतर दांडग्या मेंढ्या त्यांच्या वाट्याचे खातील. गव्हाणीला प्रत्येकीमागे किमान 45 सेंटीमीटर जागा ठेवा. सध्याच्या खुराकात दर दोन दिवसांनी 50 ग्रॅमची वाढ करा, पण एका वेळी 250 ग्रॅमच्या वर धान्य देऊ नका. त्याहून अधिक लागेल तेव्हा दिवसाचे दोन भाग करा. त्याआधी वैरण बदला, कारण जाड, वाळकी काडी पोट भरते आणि ताकद देत नाही. मऊ, पानेदार वैरण दिवसभर समोर असावी. आणि विणे संपेपर्यंत कळप दुसऱ्या गोठ्यात हलवू नका.