ऑन्डान्सेट्रॉन असताना ओलान्झापीन कशाला?

"वडिलांना केमोच्या उलट्यांसाठी ओलान्झापीन, म्हणजे मानसिक आजाराची गोळी, लिहून दिली," ही तुमची भीती मी समजू शकते. आईच्या सिस्प्लॅटिनच्या (केमोचं एक औषध) वेळी मीही चिठ्ठीवर ओलान्झापीन वाचून हबकले होते. पण ती बंद करू नका.

ऑन्डान्सेट्रॉन हे उलटी थांबवणारं नेहमीचं औषध. ते सेरोटोनिनचा, म्हणजे शरीरातल्या उलटीचा निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा, मार्ग अडवतं. केमोच्या पहिल्या 24 तासांतल्या उलट्यांवर ते फार चांगलं. खरा त्रास दुसऱ्या ते पाचव्या दिवशी होतो. उलटी होत नाही, पण मळमळ जात नाही, भाताचा वासही नको होतो. तिथे ते कमी पडतं, वर बद्धकोष्ठता होते. म्हणून जोडीला ॲप्रेपिटंट हे उलटीवरचं दुसरं औषध (पहिल्या दिवशी 125, नंतर दोन दिवस रोज 80 मिलिग्रॅम) आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. ओलान्झापीन एकाच वेळी बऱ्याच रिसेप्टरांवर (पेशींवरच्या, असे निरोप घेणाऱ्या जागांवर) काम करतं, त्यामुळे ही चिवट मळमळ त्याने जास्त आटोक्यात येते.

ओलान्झापीनचा त्रास म्हणजे झोप फार येते. 10 मिलिग्रॅमवर आई दिवसभर गुंगीत असायची, बाथरूमला जाताना तोल जायचा. मुंबईच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयाने 2.5 मिलिग्रॅमची 10 शी तुलना केली (2024 साली प्रसिद्ध): उलट्या रोखण्यात कमी डोस मागे पडला नाही, आणि दिवसाची गुंगी बरीच कमी. डॉक्टरांना याबद्दल नक्की विचारा.

आणि घरात उरलेलं मेटोक्लोप्रामाइड (हेही उलटीवरचं औषध) ओलान्झापीनसोबत मनाने देऊ नका. ही दोन्ही औषधं मेंदूतलं डोपामिन हे रसायन अडवतात, हातपाय आखडू शकतात. हृदयाची औषधं चालू असतील तर तेही आधी सांगा, ऑन्डान्सेट्रॉनने ईसीजी बदलू शकतो.