एसएसएचवरून स्कॅन टर्मिनलमध्येच बघायचे आहेत. लॅपटॉपवर दिसतात, सर्व्हरवर रकाना कोरा

खेतवाडी_स्कॅन

नमस्कार मंडळी. गिरगावातल्या आमच्या वाचनालयात जुने दिवाळी अंक स्कॅन करायचं काम चालू आहे. दुपारी दोन कॉलेजची पोरं स्कॅन करतात आणि रात्री कांजूरमार्गला घरी आल्यावर मी ते तपासतो. पान तिरकं आलंय का, शिवणीकडची अक्षरं गेलीत का, कडेला कुणाचा अंगठा दिसतोय का, असलं सगळं. फायली वाचनालयातल्या मशीनवर असतात. मशीनवर डेबियन १२ (लिनक्स) आहे, मॉनिटर नाही, टेबलाखाली रेक्झिनचं कव्हर घालून ठेवलंय. मी एसएसएच करून, म्हणजे घरच्या लॅपटॉपच्या टर्मिनलमधून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) नेटवरून त्या मशीनला जोडून, आत जातो.

पान ए-४च्या आसपासचं, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), रंगीत टिफ, म्हणजे एकेक फाइल २६ एमबीच्या घरात. वाचनालयाच्या लाइनचा अपलोड यथातथाच, त्यातून पावसाळा. सगळं उतरवून घेऊन बघायचं म्हटलं तर रात्र त्यातच जाईल.

आता खरी गंमत. माझ्या लॅपटॉपवर रेंजरमध्ये (टर्मिनलमध्येच फायली चाळायचा प्रोग्राम) डब्ल्यूथ्रीएम प्रिव्ह्यू चालू केला की उजव्या रकान्यात मुखपृष्ठ झकास दिसतं. तीच कॉन्फिग फाइल जशीच्या तशी सर्व्हरवर टाकली, तर रकाना कोरा. एरर नाही, काही नाही. परतीच्या लोकलमध्येही हॉटस्पॉट लावून थोडं काम उरकतो आणि मध्येच रेंज जाते, म्हणून सगळं टीमक्समध्ये चालवतो, म्हणजे जोडणी तुटली तरी सर्व्हरवरचं काम चालू राहतं. त्याचा काही संबंध असेल का? आणि मुळात हे एसएसएचवरून शक्य आहे का?

लोकलहोस्ट_मुलुंड

कशाला एवढा खटाटोप? सर्व्हरवर रात्री आपोआप थंबनेल (लहान चित्रं) बनवणारा क्रॉन लाव, त्या फोल्डरमध्ये पायथनचा एचटीटीपी सर्व्हर चालू कर, एसएसएच -एल देऊन पोर्ट इकडे आण आणि ब्राउझरमध्ये बघ. दहा मिनिटांचं काम. टर्मिनल अक्षरांसाठी असतं राव.

व्हीटी_काका

खेतवाडी, तुझा रकाना कोरा का राहतो ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं आपोआप उलगडेल.

रेंजरची ती डब्ल्यूथ्रीएमवाली पद्धत टर्मिनलमध्ये चित्र दाखवतच नाही. डब्ल्यूथ्रीएम नावाचा जुना टेक्स्ट ब्राउझर आहे, त्याच्यासोबत एक छोटा प्रोग्राम येतो. तो तुझ्या एक्स-११ची (लिनक्सवर खिडक्या दाखवणारी यंत्रणा) खिडकी शोधतो, टर्मिनलच्या वर कुठल्या जागी चित्र ठेवायचं त्याचा हिशेब करतो आणि थेट त्या खिडकीवर रंगवतो. टर्मिनलला याचा पत्ताही नसतो. लॅपटॉपवर हे चालतं, कारण प्रोग्राम आणि पडदा एकाच मशीनवर आहेत. सर्व्हरवर तोच प्रोग्राम टेबलाखालच्या डब्यात चालतोय, तिथे ना एक्स ना खिडकी. रंगवणार कशावर? टीमक्सचा यात दोष नाही. तो त्रास देणार आहे, पण पुढे.

एसएसएचमधून तुझ्यापर्यंत एकच गोष्ट पोचते, बाइटची धार. चित्र हवं असेल तर ते त्याच धारेतून आलं पाहिजे, आणि इकडच्या टर्मिनलला ते ओळखता आलं पाहिजे. बाकी ज्या युक्त्या इंटरनेटवर सापडतील त्यांना हा एकच प्रश्न विचारायचा: चित्र धारेतून येतंय की बाजूने?

धारेतून पाठवायची सगळ्यात जुनी रीत म्हणजे सिक्सेल. डेक या जुन्या संगणक कंपनीची. आधी त्यांच्या प्रिंटरमध्ये होती, मग टर्मिनलमध्ये आली. माझं हे टोपणनाव व्हीटी-३४०वरूनच घेतलंय. १९८७चं टर्मिनल, ८०० बाय ४८० पिक्सेल, एका वेळी १६ रंग. सीप्झमधल्या आमच्या ऑफिसात व्हॅक्स संगणकाला जोडलेलं एक होतं आणि साहेबांचे आलेख त्याच्यावर निघायचे. रीत बघ किती साधी आहे: एका अक्षरात उभे सहा पिक्सेल. सहा बिट म्हणजे ६४ शक्यता, आणि त्या ? पासून ~ पर्यंतच्या छापता येणाऱ्या ६४ चिन्हांवर बसवल्या. ? म्हणजे सहाही कोरे, @ म्हणजे फक्त वरचा एक पेटलेला, ~ म्हणजे सहाही पेटलेले. उद्गारचिन्ह आणि आकडा दिला की पुढचं अक्षर तितक्या वेळा. $ दिलं की त्याच पट्टीच्या सुरुवातीला परत जाऊन दुसरा रंग भरायचा, - दिलं की खालची पट्टी. ती उद्गारचिन्हाची सोय वापरली नाही, तर एका रंगाचा भरगच्च पडदा म्हणजे ६४,००० अक्षरं. ९६०० बॉडच्या लाइनवर (सेकंदाला साधारण ९६० अक्षरं) मिनिटभराहून जास्त. वरून खाली पट्टी पट्टीने आलेख उतरायचा आणि आम्ही चहा घेऊन यायचो.

आज हेच सिक्सेल एक्सटर्म (-टीआय व्हीटी३४० देऊन चालू केलं तर), फूट, एमएलटर्म, वेझटर्म, कोन्सोल, आणि १.२२ पासून विंडोज टर्मिनलसुद्धा समजतं. ग्नोम टर्मिनलमध्ये सहसा बंदच असतं. अलाक्रिटीवाल्यांनी चित्रांचा नाद सोडावा. तुझं टर्मिनल कुठलं ते तू लिहिलं नाहीस. त्यालाच विचार: प्रिंटएफ कमांडने एस्केप, [ आणि सी पाठव. उत्तरात अर्धविरामांच्या मध्ये सुटा ४ दिसला तर सिक्सेल आहे. सुरुवातीला ६२ किंवा ६४ येईल, त्यातला ४ मोजायचा नाही. हे टीमक्सच्या बाहेर कर, नाहीतर उत्तर टीमक्सच देईल.

मॅकवाल्यांची आयटर्म-२ची वेगळी रीत आहे, अख्खी फाइल बेस-६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, पाठवायची. तुझ्याकडे मॅक नाही, सोडून दे.

तुझ्यासाठी मी किटी सुचवेन. कॅलिबर वापरतोस ना, पुस्तकांसाठी? त्याच कोविद गोयल यांचं हे टर्मिनल. यातली चित्रांची रीत सिक्सेलपेक्षा फार पुढची आहे. पूर्ण रंग, पीएनजी जशी आहे तशी पाठवता येते, चित्राला नंबर देता येतो, तेच चित्र पुन्हा न पाठवता दुसऱ्या जागी ठेवता येतं, अक्षरांच्या खाली सरकवता येतं. सर्व्हरवर अख्खं किटी लागत नाही. किटन नावाची एकच बायनरी टाक आणि किटन आयकॅट फाइलचं नाव, एवढंच. आयकॅट पलीकडून चालतंय हे त्याचं तोच ओळखतो आणि चित्र बेस-६४मध्ये, ४०९६ बाइटच्या तुकड्यांनी, धारेतून सोडतो. हीच रीत घोस्टी आणि काही प्रमाणात कोन्सोललाही येते.

पण एक काम आधी कर, नाहीतर मला शिव्या देशील. टिफ सर्व्हरवरच लहान कर. २४८० बाय ३५०८चं पान तुझ्या पडद्यावर फार तर ६०० बाय ८५० दिसणार आहे. तेवढेच पिक्सेल कच्चे पाठवले तरी दीड एमबी, बेस-६४ झाल्यावर दोन. पीएनजी केलंस तर बरंच कमी. चित्रं लहान करणारं व्हिप्सथंबनेल टिफला छान हाताळतं आणि मेमरी फारशी खात नाही.

मुलुंडकर, तुमचा मार्ग चूक नाही, शंभर मुखपृष्ठं एकत्र चाळायची तर ब्राउझरच बरा. पण याला चाळायचं नाहीये, निवाडा करायचाय. पान बघितलं, खराब निघालं, त्याच खिडकीत एक कमांड देऊन 'पुन्हा स्कॅन' फोल्डरमध्ये टाकलं, पुढचं. दर पानाला ब्राउझर ते टर्मिनल उड्या मारून बघा म्हणजे कळेल.

खेतवाडी_स्कॅन

काका, मानलं तुम्हाला. ग्नोम टर्मिनलच होतं. किटी टाकलं, किटन सर्व्हरवर चढवलं, आणि १९५८च्या अंकाचं मुखपृष्ठ एसएसएचमधून थेट प्रॉम्प्टच्या खाली उतरलं. बायकोला दाखवलं, ती म्हणाली, फोटोच तर आहे.

आता टीमक्सचं. आत काहीच दिसेना. शोधाशोध करून टीमक्सचा अलाऊ-पासथ्रू हा पर्याय ऑन केला तर दिसायला लागलं, पण दुसऱ्या विंडोवर गेलो की चित्र तिथेच चिकटून राहतं, खालचा मजकूर झाकून. आणि लोकलमध्ये तुटातुट नको म्हणून एसएसएचऐवजी रेंज गेली तरी तगणारा मॉश घालायचा विचार आहे, त्यावर हे चालेल का?

व्हीटी_काका

टीमक्सने पडद्याची स्वतःची चौकट मांडलेली असते, कुठल्या घरात कुठलं अक्षर. चित्र त्याच्या वहीत नसतं. पासथ्रू ऑन केलंस म्हणजे तू त्याला सांगितलंस, यातलं तुला कळत नाही ते वाचू नको, पुढे ढकल. त्याने ढकललं. आता विंडो बदलली तर ते पुसायचं हे त्याला कुठून कळणार?

यावर किटीने जी तोड काढली आहे ती मला भारी आवडते. चित्र आधी गुपचूप पाठवून ठेवायचं, दाखवायचं नाही. मग जिथे दाखवायचं तिथे साधी अक्षरं छापायची. युनिकोडच्या अगदी शेवटच्या, खासगी वापराच्या पट्ट्यातलं एक चिन्ह घेतलंय, आणि आपण व्यंजनावर मात्रा-अनुस्वार चढवतो तशी त्याच्यावर दोन चिन्हं चढवायची. पहिलं सांगतं चित्राची कितवी ओळ, दुसरं सांगतं कितवा रकाना. चित्राचा नंबर अक्षराच्या रंगात लपवलेला. टीमक्सच्या दृष्टीने हा निव्वळ रंगीत मजकूर. तो हलवतो, पुसतो, विंडो बदलल्यावर परत आणतो, आणि किटी त्या प्रत्येक अक्षराच्या जागी चित्राचा तेवढा तुकडा रंगवतं. आयकॅटला --युनिकोड-प्लेसहोल्डर हा पर्याय दे, काम झालं. पासथ्रू मात्र ऑनच ठेव, चित्र पाठवायला तो लागतोच.

टीमक्स ३.४ पासून सिक्सेल स्वतः सांभाळू शकतं, पण डेबियन १२मध्ये ३.३ए आहे, शिवाय बांधतानाच तो पर्याय चालू केलेला असावा लागतो. तू त्या भानगडीत पडू नकोस.

मॉशवर चित्र विसर. मॉश धार पुढे पाठवतच नाही. पडद्यावर शेवटी कुठली अक्षरं असायला हवीत तेवढं दोन्ही टोकांना जुळवून घेतो. रेंज गेल्यावर तो तगतो तो याचमुळे, आणि चित्र गळतं तेही याचमुळे. तिथे चित्राची अक्षरं करणारा चाफा वापर, फॉरमॅट सिम्बॉल्स देऊन. तो ठोकळ्यांची अक्षरं वापरतो; उदाहरणार्थ अर्ध्या ठोकळ्याचं ▀, त्यात अक्षराचा रंग वरचा पिक्सेल, पार्श्वभूमीचा रंग खालचा. ही खरीखुरी अक्षरं, त्यामुळे मॉशला चालतात. मॉश १.४ तरी हवा, त्याच्या आधी पूर्ण रंग नाहीत. अशा अर्ध्या ठोकळ्यांनी ८० बाय २४च्या खिडकीत फक्त ८० बाय ४८ पिक्सेल मिळतील. पान तिरकं आहे की अंगठा आलाय एवढं कळेल. लोकलमध्ये त्याहून जास्त बघायचंय कशाला?

प्रेसवाली_लालबाग

मध्येच बोलते. तिरकेपणा लहान चित्रात कळेल, पण फोकस कळणार नाही. पान आक्रसून ८५० पिक्सेलवर आणलं की धूसर स्कॅनही कुरकुरीत दिसतो. आमच्या डीटीपीत हे रोजचं आहे.

त्यापेक्षा पानाच्या मधोमध ६०० बाय ४००चा तुकडा न आक्रसता कापा. इमेजमॅजिकमध्ये (चित्रं कापायचा-बदलायचा प्रोग्राम) ग्रॅव्हिटी सेंटर आणि क्रॉप. ३०० डीपीआयला छापील दोन इंच रुंदीचा तुकडा होतो, चारपाच ओळी येतात. त्यात अनुस्वार आणि रफार बघा. खिळ्याच्या छपाईत अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेच्या अगदी जवळ असतो. फोकस हलला की तो रेषेत मिसळून जाड गाठ दिसते. 'ई'चा रफार तर आधी जातो. पुढे ओसीआर (चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेणं) करणार असाल तर तिथेच सगळं अडेल. शिवणीकडचा एक तुकडाही असाच घ्या, ग्रॅव्हिटी ईस्ट किंवा वेस्ट, पान डावं की उजवं त्याप्रमाणे.

खेतवाडी_स्कॅन

ताई, हे लाखमोलाचं. आता स्क्रिप्ट अशी केली: वर लहान केलेलं अख्खं पान, खाली मधला तुकडा, मग एक कळ. एंटर दाबलं की पुढे, आर दाबलं की फाइल पुन्हा-स्कॅनमध्ये. पोरांनी काल केलेला एक अंक या पद्धतीने तपासला. तुमच्या म्हणण्याप्रमाणे तीन पानांत अनुस्वार गायब. लहान चित्रात ती तिन्ही मला ठीक वाटली असती.

एकच अडचण. काही टिफवर इमेजमॅजिक खूप वेळ घेतं आणि एकाऐवजी चाळीस तुकडे बनवून ठेवतं.

व्हीटी_काका

त्या बहुपानी टिफ असणार, पोरांनी अख्खा अंक एका फाइलीत जतन केलेला दिसतो. फाइलच्या नावाच्या शेवटी [०] लाव, म्हणजे पहिलंच पान उघडेल. पान बदलायचं तर आकडा बदल, आणि तो आकडा इंग्रजी कीबोर्डवरून टाक. कमांडसाठी झेड-शेल वापरत असशील तर नाव अवतरणात ठेव, नाहीतर चौकटी कंसावर तक्रार करेल. आणि पोरांना सांग, दर पानाची वेगळी फाइल करा. एक पान पुन्हा स्कॅन करायचं तर सगळा गठ्ठा उलगडावा लागेल.