सातेरीच्या (देशी मधमाशीच्या) पेटीत अळ्या मरताहेत, थाई सॅकब्रूड (अळ्यांचा विषाणूजन्य रोग) असेल का?

मधपाळ मंडळी, मदत हवी आहे.

पौडच्या पुढे शेतावर सातेरीच्या चार पेट्या आहेत. पाऊस उघडल्यापासून एक खालावत चालली आहे. कारळा ऐन फुलात आहे, पण हिच्या दाराशी वर्दळच नाही. बाकी तिन्ही जोरात. काल चौकटी काढून पाहिल्या. बऱ्याच घरांची झाकणं कुरतडलेली आणि आत अळ्या पाठीवर ताठ पडून, तोंड वर करून मेलेल्या. काही पिवळट, काही तपकिरी. चिमट्याने एक हळूच ओढली तर न फाटता अख्खी आली, खालच्या टोकाला पाणी साठलेलं. वास अजिबात नाही.

एका दुकानदाराने पाकातून टेट्रासायक्लिन द्यायला सांगितलं. मला पटत नाही. विषाणूवर अँटिबायोटिक काय करणार? वर मधात अंश उतरायचे ते वेगळंच.

१९९१-९२ मध्ये दक्षिणेत याच रोगाने सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती बसल्या, हे वाचल्यापासून झोप उडाली आहे. राणी कोंडावी का? आणि माश्या वैतागून पेटी सोडून गेल्या तर?

उत्तर १
वर्णनावरून सॅकब्रूडच वाटतो. अळी वेडीवाकडी, मऊ पडलेली आणि आंबूस वास असता तर युरोपियन फाउलब्रूड या जिवाणूजन्य रोगाचा संशय घेतला असता. औषध नाही, दुकानदाराचं ऐकू नका.

वर्दळ कमी का, तेही सांगतो. मेलेल्या अळ्या उपसणाऱ्या तरुण माश्यांनाच लागण होते. त्या लगेच मरत नाहीत, पण विषाणू त्यांच्या अन्नग्रंथींत जातो आणि त्यांनी भरवलेल्या अळ्यांत पोचतो. अशा माश्या वेळेआधी बाहेर पडतात, पराग फारसा आणत नाहीत, आयुष्यही घटतं. म्हणजे पेटी दोन्ही बाजूंनी आटते.

राणी दोन-तीन आठवडे कोंडा. नव्या अळ्याच नसल्या की साखळी तुटते. फार खराब चौकटी काढून जाळा, उरलेल्या माश्या मोजक्या चौकटींवर दाट बसू द्या. पाक संध्याकाळी, पेटीच्या आतच द्या आणि दार अरुंद ठेवा, नाहीतर शेजारच्या माश्या लुटायला येऊन रोग घरी नेतील. या पेटीची चौकट दुसरीत घालायची नाही, म्हणजे नाही! पुढे राणी बदलायचीच, ती निरोगी राहिलेल्या वसाहतीतली घ्या. पळून जायची भीती खरी आहे. पण राणी आत असली तर सहसा जात नाहीत. गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत नमुन्याचं विचारून पाहा.

उत्तर २
जवळपास कुणाच्या मेलिफेराच्या (युरोपीय मधमाशीच्या) पेट्या आहेत का? माझ्याकडे मेलिफेरा आहेत, तिथे दुखणं निराळं: व्हरोआ गोचीड आणि तिच्यामुळे फैलावणारा पंख चुरगळवणारा विषाणू. सातेरीत व्हरोआ बहुतेक नरांच्या घरांपुरतीच राहते.

धागाकर्ता
मेलिफेरा नाहीत जवळ. राणी आज संध्याकाळी कोंडतो. सातेरीच्या मापाचा राणी-पिंजरा पुण्यात कुठे मिळेल? मेलिफेराच्या पिंजऱ्यातून ही निसटेल असं वाटतंय.