बायको चांगशाची, घर कोलंबसला: ती येण्याआधी काय तयारी करू?

सांगलीचा_ओहायोत:

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, बारा वर्षं कोलंबसला आहे. २०२२ ला अमेरिकन नागरिक झालो. बायको चीनमधल्या चांगशाची, तिथल्या शाळेत गणित शिकवते. २०२४ च्या ऑक्टोबरात चांगशालाच लग्नाची नोंदणी केली, दोघांना एकेक लाल पुस्तिका मिळाली. आमचा आय-१३० (जोडीदाराला आणण्याचा अर्ज) आता मंजूर झालाय, कागद नॅशनल व्हिसा सेंटरकडे आहेत. मुलाखत ग्वांगझूला होईल, कारण चीनमध्ये इमिग्रंट व्हिसाचं काम तेवढ्या एकाच कॉन्सुलेटमध्ये चालतं.

कागदांचं एक कोडं आहे. तिचं आडनाव पासपोर्टवर एल-वाय-यू आहे आणि पदवीच्या इंग्रजी प्रमाणपत्रावर एल-व्ही. याने अडेल का?

पण खरी काळजी निराळी आहे. ती एकुलती एक, १९९१ चा जन्म. आई-वडील निवृत्त आहेत. इंग्रजी वाचते छान, बोलताना अडखळते. तिथे तिला शाळा आहे, मैत्रिणी आहेत, मेट्रोने कुठेही एकटी जाते. इथे आमच्या वस्तीतून गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही. मी आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जातो. ते तीन दिवस ती काय करेल, हा विचार आला की झोप उडते. कुणी यातून गेलं असेल तर सविस्तर लिहा.

रेडमंडकर:

कागदांपुरतं मी सांगतो, माझ्या मेव्हण्याचं सगळं मीच भरलं होतं.

आडनावाची चिंता नको. त्यांच्या त्या दोन टिंबांच्या यू ला संगणकावर टाइप करताना व्ही दाबतात, म्हणून जुन्या कागदांवर एल-व्ही येतं. पासपोर्टवर वाय-यू छापतात. सगळ्या अर्जांत पासपोर्टचंच स्पेलिंग लिहा आणि 'इतर नावं' या रकान्यात दुसरं टाका. जन्म, लग्न आणि गुन्हा नसल्याचा दाखला हे तिन्ही चिनी नोटरी कचेरीकडून, इंग्रजी भाषांतरासह शिवलेल्या पुस्तिकेच्या रूपात घ्यायचे असतात. तिथे बसल्या बसल्याच स्पेलिंग तपासा. आमच्याकडे जन्मतारखेचा एक आकडा चुकला होता. घरी आल्यावर कळलं आणि सगळं परत करावं लागलं.

एक हिशेब तुमच्या फायद्याचा आहे. ती अमेरिकेत उतरेल त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, सशर्त मिळतं आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा अट काढून घ्यायचा अर्ज भरावा लागतो. तुमचं लग्न ऑक्टोबर २०२४ चं. ऑक्टोबर २०२६ उलटल्यावर ती उतरली, तर थेट दहा वर्षांचं कार्ड. व्हिसा हातात पडला की तारखा बघून मगच तिकीट काढा.

आणि कार्ड छापण्याची वेगळी फी असते, २०२४ पासून २३५ डॉलर. विमानात बसण्याआधी ऑनलाइन भरून टाका. कार्ड टपालाने येईपर्यंत पासपोर्टवरचा शिक्का मारलेला व्हिसा वर्षभर ग्रीन कार्डासारखाच चालतो, म्हणजे पहिल्या दिवसापासून नोकरीही करता येते. बरेच जण उगाच कार्डाची वाट बघत बसतात.

मालवणी_एडिसनकर:

दादा, तुझा प्रश्न वाचून मला २०१७ चा जानेवारी आठवला. माझी बायको चेंगडूची. ती नेवार्कला उतरली तेव्हा मी दोन वर्षं फक्त कागदच केले होते, त्यामुळे ती दारात आली की काम संपलं असं मला वाटलं. तिथे माझं चुकलं. माझ्या हातून जे राहिलं ते आधी सांगतो.

पहिल्या वर्षी गणपतीला मी तिला मंडळात घेऊन गेलो. मोदक, आरती सगळं झालं. जेवणं उरकल्यावर आम्ही बारा-चौदा जण गोल करून बसलो आणि तीन तास मराठीत बोललो. ती माझ्या शेजारी बसून हसत होती, म्हणून ती मजेत आहे असं मी धरून चाललो. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आज तीन तासांत मला कुणी एकही प्रश्न विचारला नाही." त्या वाक्याने मला आजही लाज वाटते. त्यानंतर मी मित्रांना स्पष्ट सांगितलं की ती असेल तेव्हा तिला कळेल असं बोलायचं. चार जणांनी ते मनावर घेतलं, आज तेच चौघं घरचे आहेत.

आता तुझ्या त्या तीन दिवसांबद्दल. तू तिची सगळी अमेरिका होऊ नकोस. माझी बायको सहा महिने बँकेत माझ्याबरोबर, डॉक्टरकडे माझ्याबरोबर, किराण्याला माझ्याबरोबर जायची. मला ते प्रेम वाटत होतं. तिला चेंगडूत अकरा वर्षं स्वतःचा पगार होता आणि इथे शाम्पू घ्यायचा तरी माझं कार्ड लागायचं. म्हणून पहिल्याच आठवड्यात बँकेत तिच्या एकटीच्या नावाचं खातं उघड आणि त्यात पैसे ठेव. जोडीचं खातं वेगळं उघड, ते पुढे कागदांनाही लागतं. तुझ्या क्रेडिट कार्डावर तिचं नाव घाल, म्हणजे तिची पत तयार व्हायला लागेल. फोनचं कनेक्शनही तिचं स्वतःचं हवं.

गाडी तू शिकवू नकोस. मी शिकवली, रोज भांडण व्हायचं. शेवटी मँडरिन बोलणारा शिक्षक शोधला आणि ती दीड महिन्यात पास झाली. लेखी परीक्षा काही राज्यांत चिनीतून देता येते, कॅलिफोर्निया-न्यूयॉर्कात येतेच. ओहायोत काय आहे ते आधी बघून ठेव. लायसन्स आलं त्या दिवशी ती एकटीच गाडी काढून निघाली ती दोन तासांनी परतली. कुठे गेली होतीस, तर म्हणे कुठेच नाही, नुसती फिरले. इतकी खूश मी तिला लग्नातही पाहिली नव्हती.

तिचा चिनी मोबाइल नंबर बंद करू नकोस. तिथल्या बँकेचे, अलीपे या पैसे भरायच्या अ‍ॅपचे सगळे कोड त्याच नंबरवर येतात. तो गेला की तिचे तिथले पैसे अडकतात. सर्वांत स्वस्त प्लॅनवर तो चालू राहू दे. व्हॉट्सअ‍ॅप चीनमध्ये चालत नाही आणि त्यांच्या वीचॅटवर भारतात २०२० पासून बंदी आहे, म्हणून दोन्हीकडे चालेल असं कॉलचं अ‍ॅप आधी शोधून तुझ्या आईच्या फोनवर टाकून दे. आमच्याकडे रविवारी तिघांचा कॉल असतो. उन्हाळ्यात इथे रात्रीचे नऊ, चेंगडूत सकाळचे नऊ आणि मालवणात पहाटेचे साडेसहा. आई चहा करता करता फोनसमोर बसते. दोन्ही विहिणी एकमेकींना भाज्या दाखवतात. भाषा नाही, पण अर्धा तास कसा जातो कळत नाही.

तिकडून राइस कुकर आणू देऊ नकोस, इथल्या १२० व्होल्टवर तो चालत नाही. ती यायच्या आधी एक चांगली किटली आणून ठेव. माझी बायको बारा महिने गरम पाणी पिते. इथे हॉटेलात बसल्याबरोबर बर्फाचा ग्लास समोर येतो, त्याचा तिला पहिले काही महिने खरोखर त्रास झाला.

आमच्या स्वयंपाकघराची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आईने मालवणहून पाठवलेली तिरफळं मी बांगड्याच्या आमटीत घातली होती. बायकोने पहिला घास घेतला आणि थांबली. जिभेला मुंग्या आल्या होत्या. "हे तुझ्याकडे कुठून आलं? हे आमचं हुआजियाओ आहे." मग तिने स्वतःची डबी आणून दाखवली. दोन्ही एकाच कुळातली झाडं, थोडा वेगळा वास. आल्यापासूनच्या चार महिन्यांत ती पहिल्यांदा पोटभर जेवली. तुझ्या बायकोच्या हुनान प्रांतात झणझणीत मिरची चालते, म्हणजे सांगलीकराशी तिचं जमेलच. पण चिनी दुकान घरापासून किती लांब आहे ते आजच बघ.

शेवटचा विषय सर्वांत अवघड. नागरिकाच्या जोडीदाराला तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. चीन दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यांच्या १९८० च्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. अमेरिकन झाली की चिनी नागरिकत्व जातं, हुकोऊ नावाच्या घरनोंदणीतून नाव निघतं. आणि दुसरीकडे, आई-वडिलांना इथे ग्रीन कार्डावर आणायचं तर ती नागरिक असावीच लागते, नुसतं ग्रीन कार्ड पुरत नाही. एकुलत्या मुलीला या दोन वाक्यांमध्ये उभं राहावं लागतं.

२०२० मध्ये बायकोची तीन वर्षं भरली. मी फॉर्म भरून टेबलावर ठेवला. ती म्हणाली, इतक्यात नको. मी महिनाभर मागे लागलो, मोठं भांडण झालं. २०२१ मध्ये तिच्या वडिलांची शस्त्रक्रिया ठरली. तेव्हा चीनच्या सीमा परदेशी लोकांना जवळपास बंद होत्या. ती चिनी पासपोर्टवर गेली, हॉटेलात १४ दिवस एकटी विलगीकरणात राहिली आणि मग वडिलांजवळ दोन महिने होती. मला मात्र जाता आलं नाही. माझं ऐकून तिने पासपोर्ट बदलला असता तर तीसुद्धा इथेच अडकली असती. वडील पुढच्या वर्षी गेले. आता नागरिकत्वाचा विषय मी काढत नाही. ती काढेल तेव्हा फॉर्म तीच भरेल.

फ्रीमाँटची_पुणेकर:

माझी बाजू उलटी आहे, नवरा चीनचा, शेनयांगचा आणि स्पॉन्सर मी. एडिसनकरांचं शब्दन् शब्द पटलं.

एक भर घालते. तुम्ही आय-८६४ या हमीपत्रावर सही कराल तेव्हा बायकोला तो नीट समजावून सांगा. तिचा आर्थिक भार उचलायची हमी तुम्ही सरकारला देता आणि घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही. आपल्याला असला विषय काढायला संकोच वाटतो. मी मात्र नवऱ्याला वाचून दाखवला. परक्या देशात आपण कुणाच्या दयेवर नाही हे त्याला कागदावर दिसलं, तेव्हा तो सैल झाला.

सासू-सासऱ्यांना वर्षाकाठी बोलवायचं असेल तर चिनी पासपोर्टवर दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा मिळू शकतो, पण त्यासोबत ईव्हस नावाची ऑनलाइन नोंदणी असते, ती साधारण दोन वर्षांनी नवी करावी लागते. आमच्या सासूबाईंची मुदत संपल्याचं निघायच्या दोन दिवस आधी लक्षात आलं.

माझ्या बाळंतपणाला दोघी आया एकदम इथे होत्या. लोकांनी भीती घातली होती. चिन्यांकडे बाळंतिणीने महिनाभर बसायचं असतं, आपला सव्वा महिना. थंड पाणी नाही, वारा नाही, डोकं झाकायचं. माझी आई कानात कापूस घाल म्हणाली आणि सासूबाईंनी तो आणून दिला. सकाळी आईचा डिंकाचा लाडू, दुपारी सासूबाईंची राळ्याची पेज, तांबडी साखर आणि अंडं घालून. केस धुवायचे की नाही यावर दोघींचं एकमत होतं, फक्त माझंच नव्हतं.

आणि ती गणित शिकवते ना? त्यांच्या मुलांसाठी शनिवार-रविवारच्या चिनी शाळा बऱ्याच शहरांत असतात. पगार थोडा, पण तिथे ती पुन्हा 'लाओशी' होते, म्हणजे बाई. आमच्या ओळखीतल्या एकीने तिथूनच सुरुवात केली, मग पदवीचं मूल्यमापन करून घेतलं, आता सरकारी शाळेत आहे.

सांगलीचा_ओहायोत:

तुम्हा तिघांचे आभार कसे मानू कळत नाही. काल रात्री सगळं इंग्रजीत करून तिला वाचून दाखवलं. गणपतीचा प्रसंग आला तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त परत वाच म्हणाली. वडिलांचा भाग वाचल्यावर बराच वेळ कॅमेऱ्यातून बाहेर गेली होती. परत आल्यावर म्हणाली, पासपोर्टचं मी ठरवेन. मी हो म्हटलं.

तिकीट ऑक्टोबरनंतरचंच काढायचं ठरलं आहे, म्हणजे तिला शाळेतलं हे सत्रही पूर्ण करता येईल. चिनी दुकान घरापासून वीस मिनिटांवर आहे, आज जाऊन आलो. किटलीही घेतली.

माझ्या आईला अजून सून प्रत्यक्ष भेटलेली नाही. भारताने चिनी नागरिकांना पर्यटक व्हिसा जुलै २०२५ पासून पुन्हा द्यायला सुरुवात केली आहे, तेव्हा इकडे येण्याआधी तिला सांगलीला नेता येईल का ते बघतोय. दोन्हीकडे चालणारं अ‍ॅप भावाने आईच्या फोनवर टाकून दिलं.

एडिसनकर दादा, एक विचारायचं राहिलं. ते चौघं मित्र जे ऐकले, त्यांना तुम्ही नेमकं काय सांगितलंत?

मालवणी_एडिसनकर:

काही खास नाही रे. एकेकाला फोन करून म्हटलं, पुढच्या शनिवारी जेवायला या, स्वयंपाक ती करणार आहे, आणि येताना तिला चेंगडूबद्दल विचारायचे दोन प्रश्न घेऊन या. रात्री साडेबाराला उठले सगळे.